दुर्री-तिर्री रजेवर

हरताळकेच्या रात्री साडेदहाच्या सुमाराला भाच्यानं पत्त्यांचा नवा कोरा कॅट फोडला, सगळी पानं माजघरात उताणी पसरली आणि तांदळातले खडे वेचावेत तशी त्यातली लहान लहान पानं वेचून बाजूला काढायला लागला. दुर्र्या, तिर्र्या, चव्व्या, पंज्या. चारी रंगांच्या. सोळा पानांची एक चळत झाली. ती त्यानं मागे न बघता कोनाड्यात ठेवली, आणि उरलेली पानं पिसायला घेतली.

"अरे, ती कशाला काढलीस?" मी विचारलं.

"मामा, ती लागत नाहीत. छक्कीपासून वर खेळायचं. छत्तीस पानं."

एका बँकेत मी चौतीस वर्षं नोकरी केली. साहेबांच्या केबिनमध्ये 'त्या दुर्री-तिर्रींना काय विचारायचंय' असं जे म्हटलं जायचं, त्या दुर्री-तिर्रींत मी बराच काळ होतो. चव्वीपर्यंत पोचलो तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यामुळे ती सोळा पानं अशी सहज बाजूला गेलेली बघून पोटात जरा कालवलं. पण भाचा सिंगापूरहून आलेला, तीन वर्षांनी गणपतीला आलेला, आणि मामाला काहीतरी शिकवायला उत्सुक. आपल्याला काही शिकवावं असं वाटणारी माणसं साठीनंतर झपाट्यानं कमी होतात; उरतात ती मोबाइल आपल्या हातातून ओढून घेऊन 'द्या, मीच करतो' म्हणणारी. मी मांडी घालून बसलो.

खेळाचं नाव शॉर्ट डेक. पोकरचाच प्रकार. साध्या होल्डम पोकरमधून खालची सोळा पानं काढली की झाला. पण पोकर म्हटलं की आमच्या घरात कुणाच्याच डोळ्यांसमोर काही उभं राहत नव्हतं. दादाला मेंढीकोट येतो, रमी येते, दिवाळीच्या रात्री वहिनीची नजर चुकवून तीन पत्ती येते. वहिनीला बदाम सात. माईला, म्हणजे आमच्या आत्याला, सगळं येतं. चाळीस वर्षं गिरगावातल्या चाळीत काढलेली बाई. तिथल्या गॅलरीत खेळला गेला नाही असा पत्त्यांचा डाव नसावा. पण पोकर तिलाही नवा.

भाच्यानं समजावून सांगितलं. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकून ठेवायची. मग मध्ये तीन पानं उघडी मांडायची, त्याला फ्लॉप म्हणायचं. मग आणखी एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून चांगली पाच निवडून ज्याचा हात भारी, तो जिंकला. दर टप्प्याला बोली. बोली झेपत नसेल तर पानं टाकून द्यायची. डाव सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं एकेक नाणं मध्ये टाकायचं आणि वाटणाऱ्यानं दोन.

माई डोळे बारीक करून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे दोन पानं घरगुती आणि पाच सार्वजनिक."

भाचा गप्प झाला. सिंगापुरात त्याला हे इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ते एकेक नाणं म्हणजे वर्गणी," माई म्हणाली. "वाटणारा अध्यक्ष, म्हणून त्याची दुप्पट. बरोबर आहे. आणि पानं टाकून दिली की विसर्जन."

त्या क्षणापासून पुढचे पाच दिवस आमच्या घरात अँटी, बटन, फोल्ड हे शब्द कुणी उच्चारले नाहीत. नाण्यांच्या जागी चिंचोके होते. डालड्याच्या जुन्या डब्यात वहिनीनं कशासाठी तरी जपून ठेवलेले. प्रत्येकी पन्नास.

पहिल्याच रात्री एक गोष्ट मला विलक्षण आवडली. हातात पानं चांगली येत होती. राजा-दश्शी, एक्का-नव्वी, गुलामांची जोडी. जन्मभर पत्ते खेळलो, पण पानं उचलल्यावर 'वा' असं मनात म्हणण्याचे प्रसंग मोजके. इथं दर डावाला वा. दोन एक्के हातात येणं हे बावन्न पानांत २२१ डावांतून एकदा घडतं, छत्तिसांत १०५ डावांतून एकदा. दुपटीहून जास्त भाग्य! भाच्याला म्हटलं, हा फारच उदार खेळ दिसतो. तो नुसता हसला. डॉक्टर इंजेक्शन टोचायच्या आधी हसतात तसा.

कारण साधं होतं, पण ते कळायला मला एकवीस चिंचोके पडले. माझ्या हातात चांगली पानं येत होती, तशी ती सगळ्यांच्याच हातात येत होती. गावातल्या सगळ्याच पोरांना नव्वद टक्के मिळायला लागले की पेढे वाटताना जसं थोडं ओशाळं वाटतं, तसं माझ्या राजांच्या जोडीला वाटायला लागलं.

एक नियम तर मला फारच आमच्या गावचा वाटला. सिक्वेन्स लावताना एक्का छक्कीच्या खाली बसू शकतो. एक्का, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी ही चक्क सिक्वेन्स धरतात. म्हणजे पंजी रजेवर असल्यामुळे तिची जागा एक्क्यानं भरून काढायची. आमच्याकडे नारळ उतरवायला माणूस मिळेनासा झाल्यापासून ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पूर्वी गडी धावत यायचे, अशी माणसं हातात आकडी घेऊन माडाखाली मान वर करून उभी असतात. एक्क्याचं ते छक्कीच्या पायाशी बसणं बघितलं की मला हटकून त्यांची आठवण येते.

रात्री दीड वाजता झोपलो. पहाटे दादा उठला.

आता चौरंगाचं सांगायला हवं. माजघरातला कोबा गेल्या दोन पावसाळ्यांत एका कोपऱ्यात खचलाय आणि गणपतीचा चौरंग नेमका तिथेच येतो, कारण वरची माटवी तिथेच टांगलेली. एक पाय डुगडुगत होता. गुरुजींना अकरा घरं करायची होती, ते सातला येणार होते. दादानं लाकडाची पाचर घालून बघितली, जाड झाली. करवंटीचा तुकडा फुटला. पुठ्ठा ओलसर होता. आणि मग त्याला कोनाड्यात ती चळत दिसली. सोळा पानं, अर्धा सेंटीमीटर भरेल इतकी जाडी, नवी, कडक, आणि काल रात्री 'ही लागत नाहीत' असं ज्यांच्याबद्दल त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं अशी. चौरंग असा बसला की वर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला तरी हिंदकळू नये.

सातला गुरुजी आले, साडेसातला प्राणप्रतिष्ठा झाली.

रात्री आरती आटोपल्यावर जागरणाला बसलो. दादा म्हणाला, आज पुरे ते शॉर्ट-बिर्ट, चौघे बसू, मेंढीकोट मांडू. मी कोनाड्यात हात घातला. मग फळीवर बघितलं. मग वहिनीला विचारलं. हे सगळं दादा पान जुळवत शांतपणे बघत होता. मग त्याचा चुना लावणारा हात थांबला.

"ती सोळा पानं?" तो म्हणाला. आणि त्यानं गणपतीकडे बघितलं.

उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती हलवायची नाही. हे आमच्या घरात सांगावंही लागत नाही. मेंढीकोटाला बावन्न पानं लागतात. घरातला जुना कॅट फळीवर होता खरा, पण कसरीनं त्यातल्या राण्यांचे चेहरे खाल्ले होते आणि किल्वर सत्ती म्हणून जोकरवर पेनानं लिहिलेलं होतं. बाजारपेठ सात किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं गेलो, तर दुकानदार म्हणाला, सगळ्या गावाला जागरण करायचंय, पत्ते परवाच संपले. तेव्हा विसर्जनापर्यंत पाच दिवस, पाच माणसं आणि छत्तीस पानं.

"यात नवीन काय आहे रडण्यासारखं?" माई म्हणाली. "पाच-तीन-दोनला काय बावन्न लागतात?"

खरंच की. तिघांचा पाच-तीन-दोन तीस पानांचा. अठ्ठीपासून वरची सगळी आणि इस्पिक-बदामाच्या दोन सत्त्या. प्रत्येकाला दहा, कुणी पाच हात करायचे, कुणी तीन, कुणी दोन, आणि कमी पडले तर पुढच्या डावात समोरच्यानं आपली पानं ओढून न्यायची. दोघांचा सात-आठही त्याच तीस पानांत. लहानपणी मे महिन्याच्या दुपारी आम्ही हेच तर खेळायचो, आणि खेळायला बसताना छक्क्या-पंज्या काढून ठेवताना कुणाला कधी वाईट वाटलं नव्हतं. आणि तिकडे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घेतली तर ती १२० पानांची, दहा अवतारांची, प्रत्येकाची बारा बारा. गंजिफा खेळणाऱ्याला आपला बावन्न पानांचा कॅटच शॉर्ट डेक वाटला असता. बावन्न हा आकडा मी उगाचच देवानं दिलेला धरून चाललो होतो.

पोकरचं तर याहून गमतीचं आहे. हे छत्तीस पानांचं प्रकरण तसं अलीकडचं, मकाऊमधल्या बड्या लोकांच्या टेबलांवर गेल्या दशकात वाढलेलं. मलेशियाचे पॉल फुआ आणि रिचर्ड याँग यांची नावं त्याच्या जनकांत घेतली जातात. ट्रायटन नावाच्या त्यांच्या स्पर्धांतून २०१८ पासून ते जगभर दिसायला लागलं आणि २०१९ मध्ये लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीजमध्येही जाऊन बसलं. मोठ्या रकमा लावणाऱ्यांना पानं टाकून देऊन बसून राहायचा कंटाळा यायचा, म्हणून पानंच अशी करून टाकली की टाकवू नयेत. हे भाच्यानं सांगितलं. पण पोकर जन्मला तेव्हा किती पानांचा होता, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक होतं. निवृत्तीनंतर माणूस काय वाचत बसेल याचा नेम नसतो. पोकर जन्मला तो वीस पानांचा! दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, बस्स. चार भिडू, प्रत्येकी पाच, पिशवी रिकामी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसिसिपी नदीतल्या आगबोटींवर तो तसा खेळला जायचा. जो काउएल नावाच्या एका इंग्रज नटानं १८२९ च्या डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सला जाताना बोटीवर पाहिलेला असा डाव आपल्या आठवणींत लिहिला आहे, आणि त्या १८४४ मध्ये छापल्याही गेल्या. त्या खेळात सिक्वेन्स नव्हती, कलर नव्हता, आणि शंभरातल्या त्र्याण्णव हातांत निदान एक जोडी तरी असायचीच. दुर्री-तिर्री नंतर आल्या. म्हणजे भाचा ज्याला पोकरचं नवं रूप म्हणून सिंगापूरहून घेऊन आला होता, ते खरं तर अर्ध्या वाटेवरून पणजोबांच्या घराकडे परत वळलेलं होतं. हे मी त्याला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुमची बोली आहे." मी चार चिंचोके टाकले आणि हरलो.

इटलीत तर याचं गणितच बांधलेलं आहे. अकरातून खेळणाऱ्यांची संख्या वजा करायची. जे उरेल ते सगळ्यात लहान पान. चौघे असले तर सत्तीपासून वर, पाच असले तर छक्कीपासून. आम्ही पाच होतो. मला फार समाधान वाटलं. तिसऱ्या रात्री शेजारचे काका आले आणि 'आम्हालाही घ्या' म्हणाले, तेव्हा त्या हिशेबानं पंजीची गरज पडत होती. पंजी देवाखाली. काकांना चहा दिला.

आता माझ्या मुख्य दुखण्याकडे येतो.

दुसरी रात्र. माझ्या हातात इस्पिक राजा आणि किल्वर राजा. मध्ये तीन पानं उघडली: बदाम राजा, बदाम नव्वी, चौकट नव्वी. तीन राजे, दोन नव्व्या. फुल हाउस, तोही पहिल्याच झटक्यात, तोही राजांचा. चेहरा निर्विकार ठेवायचा असतो हे शिकलो होतो, म्हणून मी गणपतीकडे बघत बसलो. भाचा, दादा, माई तिघांचंही विसर्जन झालं. उरली वहिनी. ती खेळत होती असं म्हणणं धाडसाचं होईल. मांडीवर ताट, ताटात दूर्वा, आणि ती उद्यासाठी एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधत होती. बोली आली की जुडी दातात धरून ती चिंचोके सरकवायची. चौथं पान बदाम सत्ती. मी दहा टाकले. वहिनीनं दहा टाकले. शेवटचं पान किल्वर छक्की. मी उरलेले सगळे सरकवले. वहिनीनं दातातली जुडी काढली, दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि तिनंही सरकवले.

मी राजे मांडले. जरा सावकाश, एकामागून एक, लोकांना मोजता यावेत असे. आणि दोन्ही हातांचा वेढा घालून चिंचोके ओढायला सुरुवात केली.

"माझी सगळी बदामंच आहेत," वहिनी म्हणाली. "चालतील का?"

तिच्याकडे बदाम एक्का आणि बदाम अठ्ठी होती. मधल्या राजा, नव्वी, सत्तीला धरून पाच बदाम. मी हसून म्हटलं, "वहिनी, तो नुसता कलर. माझं फुल हाउस."

भाच्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "मामा, यात कलर वर असतो."

माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की त्याला जगाची घडी विस्कटल्यासारखी वाटते. कलर फुल हाउसच्या वर? मी शिकवणीच्या रात्री ते ऐकलं होतं, मान डोलावली होती, आणि विसरलो होतो. वहिनीनं चिंचोके पदरात घेतले आणि पुढची जुडी उचलली. ती जिंकली याचं तिला फारसं काही वाटलंच नाही. तेच जास्त लागलं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे आकडेमोड करत बसलो. बँकेत असताना पावणेदोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत घरी न गेलेला माणूस मी. एका फुल हाउसचा हिशेब लागल्याशिवाय झोप कशी येणार? समईच्या उजेडात गणित बसलं. बावन्न पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात. त्यांत फुल हाउस ३,७४४ आणि कलर ५,१०८. फुल हाउस दुर्मीळ, म्हणून ते वर. छत्तीस पानांतून हात होतात ३,७६,९९२. त्यांत फुल हाउस १,७२८ आणि कलर अवघे ४८०. म्हणजे खरंच! असं का, तेही लक्षात आलं. एकेका रंगाची वाडी पूर्वी तेरा घरांची होती, ती नऊ घरांची झाली. एकाच वाडीतली पाच माणसं गोळा करणं अवघड झालं. पण राजांच्या घरात माणसं होती तेवढीच चार राहिली. जोड्या, तिकडी जमवणं उलट सोपं झालं. आणि बावन्न पानांत पाचांतून काहीच न जमलेले, अगदी रिकामे हात निम्मे असतात. छत्तिसांत ते एक तृतीयांशावर येतात. दुर्री-तिर्री नुसत्या बसून नव्हत्या तर. त्या बाकीच्यांची किंमत धरून ठेवत होत्या. त्या उठून गेल्या आणि माझं फुल हाउस त्याच रात्री स्वस्त झालं.

तशी तीन पत्तीतही सिक्वेन्स कलरच्या वर असते आणि पोकरमध्ये खाली, हे दिवाळीत खेळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आपण त्यावर कधी अडलो नाही. मी वहिनीच्या पदरातल्या चिंचोक्यांवर अडलो होतो.

तीन सारखी पानं वर की सिक्वेन्स वर, यावरून मात्र तिसऱ्या रात्री दादाचं आणि भाच्याचं चांगलंच जुंपलं. गंमत अशी की याला दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. नुसते पाच पानांचे हात मोजले तर सिक्वेन्स दुर्मीळ. पण खेळताना आपण सातांतून पाच निवडतो, आणि तसं मोजलं की हिशेब उलटतो, तीन सारखी दुर्मीळ होतात. मकाऊच्या जुन्या टेबलांवर तीन सारखी वर धरायचे, ट्रायटनवाले सिक्वेन्स वर धरतात. दादा मकाऊच्या बाजूनं बोलायला लागला. दादा कुडाळच्या पलीकडे फक्त मुंबईला गेलेला आहे. आवाज इतके चढले की पडवीतलं कुत्रं उठून आत डोकावून गेलं.

"ज्याच्या घरचा गणपती, त्याचा नियम," माई म्हणाली. "घर दादाचं. तीन सारखी वर. वाट."

चौथ्या दिवसापर्यंत मी बराच सुधारलो होतो. भाच्यानं एक आडाखा शिकवला होता. आपल्याला हवी असलेली पानं किती उरली आहेत ते मोजायचं. बावन्न पानांत पुढच्या एका पानासाठी त्याला दोननं गुणायचं, दोन पानं यायची असतील तर चारनं. की शंभरात किती वेळा जमेल ते साधारण कळतं. छत्तिसांत तिनानं आणि सहानं गुणायचं. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम अशी चार लागून आली आणि दोन पानं यायची असली, तर एका बाजूला चार सत्त्या, दुसऱ्या बाजूला चार राण्या. आठ पानं कामाची. आठ सख अठ्ठेचाळीस. नीट मोजलं तर सेहेचाळीसच्या आसपास. साध्या पोकरमध्ये हेच एकतीस-बत्तीस असतं. हा आकडा फार घातक आहे. एकतीस म्हटलं की माणूस विचार करतो. सेहेचाळीस म्हटलं की त्याला वाटतं, होणारच. उरलेले चोपन्न कुठे जातात हे बोली लावताना कुणालाच आठवत नाही. मला तर एका रात्रीत तीनदा आठवलं नाही. सत्ती येईल, राणी येईल म्हणून मी वाट बघत राहिलो आणि सार्वजनिक मंडपात आले ते दोन्ही वेळा एक्के, आणि तिसऱ्या वेळी छक्की, तीही अशी की माईची जोडी लागली.

माईची खेळण्याची पद्धत सांगायची राहिली. तिला पानं टाकवत नाहीत. "घरी आलेल्याला परत कसं पाठवायचं?" ती म्हणते. म्हणून ती प्रत्येक डाव होता होईल तो शेवटपर्यंत खेळते, पण एकेकच चिंचोका टाकून. कुणी दहा टाकले की म्हणते, "एवढी वर्गणी नाही देत आम्ही," आणि विसर्जन करते. भाच्यानं तिला समजावलं की यात थापही मारता येते, हातात काही नसताना मोठी बोली लावून समोरच्याला पळवता येतं. माईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो नजर चुकवून समईची वात सारायला उठला. पाच रात्रींनंतर तिच्याकडे सत्तेचाळीस चिंचोके होते. पन्नासांतून तीनच गेले. आम्हा बाकीच्यांचं काय झालं ते विचारू नका. भाच्याची आणि माझी स्थिती तर अशी होती की वहिनीकडून उसने घेऊन खेळत होतो, आणि ती ते मोजून देत होती.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली, मूर्ती हलली. व्हाळावर विसर्जन करून, वाळू आणि पाट घेऊन, भिजलेल्या कपड्यांनी परत आलो. घर रिकामं झालं की जसं होतं तसं झालं होतं. माटवीची कवंडळं तेवढी लोंबत होती. दादानं चौरंग उचलला आणि खालून ती चळत काढली.

पानं एकमेकांना चिकटून वडीसारखी झाली होती. वहिनीनं बोटांनी हलकेच सोडवली. सोळाच्या सोळा होती. चौरंगाच्या पायाचा गोल दाब प्रत्येकावर उमटला होता, वरच्यावर जास्त, खालच्यावर कमी. चौकट चव्वीला निरांजनाचं तूप लागून ती पारदर्शक झाली होती. बदाम दुर्रीच्या पाठीवर हळदीचं बोट. ती वहिनीनं उन्हात वाळवली, दादानं उशीखाली दाबून ठेवली, आणि संध्याकाळी त्यांना छत्तिसांत मिसळून आम्ही एकदाचा मेंढीकोट मांडला. दादा आणि भाचा एका बाजूला, मी आणि माई दुसऱ्या बाजूला.

दादानं पानं उचलली, नेहमीप्रमाणे छातीशी घट्ट धरली. त्याच्या हातात पाच दुर्री-तिर्र्या आणि एक चव्वी आहे हे मला पानांच्या पाठींवरूनच दिसत होतं. बदाम दुर्री तर ओरडून सांगत होती. त्यालाही माझ्या हातातल्या दोन पंज्या दिसत असणार, कारण तो त्यांच्याकडेच बघून खेळत होता. भाच्यानं हळूच हातातली पानं पंचाखाली घेतली. कुणी काही बोलेना. दोन हात झाले. तिसऱ्या हाताला दादानं उतारीला जे पान टाकायला उचललं, ते जमिनीला टेकायच्या आत माईनं त्याचं नाव सांगितलं.

दादानं पानं टाकली. माईनं सगळा कॅट गोळा केला, मांडीवर ठोकून सारखा केला, आणि एकही पान न उलटता, नुसत्या पाठी बघत, सोळा पानं एकेक करून बाजूला काढली. ती कोनाड्यात ठेवायला वहिनीच्या हातात दिली.

"चला," ती म्हणाली, "वर्गणी काढा."